पीएलएलए ट्यूब एका बाजूला पातळ फुगते, फुटते, पांढरी पडते: तापमानाला हात लावण्याआधी काय काय तपासायचं

शरीरात हळूहळू विरघळणाऱ्या स्टेंटसाठी पीएलएलएची, म्हणजे पॉली-एल-लॅक्टिक ॲसिडची ट्यूब साच्यात फुगवण्याचं काम मी बरीच वर्षं करतो आहे. एक्स्ट्रुडरमधून, म्हणजे प्लास्टिक वितळवून नळीच्या आकारात बाहेर काढणाऱ्या मशिनमधून निघालेली जाड भिंतीची बारीक ट्यूब, जिला आम्ही पॅरिसन म्हणतो, ती साच्यात ताणून धरायची, तापवायची, आत नायट्रोजनचा दाब द्यायचा आणि मोठ्या व्यासाची, पातळ भिंतीची करून थंड करायची. मग लेझरवर जाळी कापायची. ऐकायला सोपं वाटतं, पण रिजेक्शनची पेटी इथेच भरते. नवीन मुलं विचारतात तेव्हा तेच तेच सांगावं लागतं, म्हणून एकदा सगळं लिहून काढलं.

आधी लक्षणं

आपल्या ट्यूबला नेमकं काय होतंय ते आधी ठरवा. "ट्यूब खराब येतेय" एवढ्यावर काहीच करता येत नाही.

एक बाजू पातळ: बाहेरचा व्यास बरोबर, पण कापून पाहिलं तर एका बाजूला भिंत १६५ मायक्रॉन आणि समोरच्या बाजूला १३५. सगळ्यात जास्त दिसणारा दोष हाच.

अर्धवट फुगणं: फुगा एका ठिकाणी उठतो, पुढे सरकत नाही. ट्यूबचा आकार कोंबडीच्या हाडासारखा दिसतो, टोकं जाड आणि मध्ये मान.

फुटणं: लांबीच्या दिशेला चीर जाते आणि कडा बाहेर वळतात. कधी नुसतं सुईच्या टोकाएवढं भोक असतं.

पांढरेपणा: काचेसारखी स्वच्छ यायला हवी ती दुधाळ येते किंवा आडव्या पांढऱ्या रेघा दिसतात.

वळी: ट्यूबवर ठरावीक अंतराने जाड-पातळ पट्टे, बोट फिरवलं तर जाणवतात.

उशिराचं आकुंचन: साच्यातून निघताना माप बरोबर, दुसऱ्या दिवशी व्यास कमी. किंवा लेझरनंतर जाळीच्या काड्या पिळवटतात.

ही तपासणी एवढी का करायची

ट्यूब फुगवण्याचा हेतू फक्त माप गाठण्याचा नसतो. फुगताना पॉलिमरच्या साखळ्या घेराच्या दिशेने रांगेत येतात, त्यातले बारीक स्फटिक त्या रांगेला धरून ठेवतात आणि जाळीला ताकद येते ती तिथूनच. धातूच्या तुलनेत हा पदार्थ मऊ आहे, म्हणून पहिल्या पिढीत काड्या जाड ठेवाव्या लागल्या. ॲबॉट कंपनीच्या ॲब्सॉर्ब स्टेंटची काडी सुमारे १५७ मायक्रॉनची होती. त्याला अमेरिकेत जुलै २०१६ मध्ये मान्यता मिळाली आणि सप्टेंबर २०१७ मध्ये कंपनीने विक्री थांबवली. रक्ताची गुठळी होण्याचं प्रमाण धातूच्या स्टेंटपेक्षा जास्त दिसलं होतं आणि जाड काडी हे त्याचं एक महत्त्वाचं कारण मानलं गेलं. त्यानंतर सगळेच पातळ काडीकडे वळले. वापीच्या मेरिलने १०० मायक्रॉनचा मेरेस १०० काढला. एप्रिल २०२४ मध्ये गुडघ्याखालच्या रक्तवाहिन्यांसाठी ॲबॉटच्याच एस्प्रिटला अमेरिकेत मान्यता मिळाली.

काडी १५७ मायक्रॉनची असताना १५ मायक्रॉनचा फरक कदाचित निभावून जाईल. १०० मायक्रॉनला तो निभत नाही. पातळ बाजूची काडी क्रिंपिंगमध्ये, म्हणजे स्टेंट फुग्यावर दाबून बसवताना, तडकते, आणि तिथे तडकली नाही तर कुणाच्या तरी रक्तवाहिनीत तडकू शकते. म्हणून सेटिंग थोडं वर-खाली करून लॉट पुढे ढकलणं मला कधीच पटलेलं नाही.

पहिली तपासणी, खर्च एका मार्करचा

ही युक्ती मला आमच्या एका जुन्या ऑपरेटर काकांनी शिकवली. आजही सगळ्यात आधी मी हीच करतो.

टाकून द्यायच्या चार ट्यूब घ्या. प्रत्येकीवर लांबीभर मार्करने एक बारीक रेघ मारा आणि डाव्या टोकाला एक टिंब द्या. पहिली ट्यूब रेघ वर ठेवून साच्यात घाला, दुसरी रेघ उजवीकडे, तिसरी खाली, चौथी डावीकडे. चारही फुगवा, मधोमध कापा आणि पातळ बाजू रेघेपासून कुठे आहे ते बघा.

चारही ट्यूबमध्ये पातळ बाजू रेघेच्या संदर्भात एकाच जागी आली, तर दोष ट्यूबसोबत फिरतोय. तो एक्स्ट्रूजनमधून आलाय आणि फुगवण्याच्या मशिनवर तुम्ही कितीही खटपट केली तरी जाणार नाही. रेघ कुठेही असली तरी पातळ बाजू साच्याच्या खालच्याच अंगाला येत असेल, तर दोष मशिनचा. याच पद्धतीने टोकांची अदलाबदल करून लांबीच्या दिशेचा दोषही पकडता येतो. मार्कर लागलेल्या ट्यूब चाचणी संपताच मोडून फेका, त्या मालात मिसळता कामा नयेत.

पातळ बाजू नेहमी खाली येत असेल तर आडव्या साच्यात ट्यूब झोळ पडून तळाला टेकतेय. २ मि.मी. ची ट्यूब ३.५ मि.मी. च्या साच्यात मधोमध असेल तर भोवती पाऊण मि.मी. हवा असते आणि उष्णता हळू पोचते. जिथे ट्यूब धातूला टेकते तिथे उष्णता काही सेकंदांत आरपार जाते. ती बाजू आधी मऊ होते, आधी ताणली जाते. उपाय साधा आहे: दोन्ही टोकांच्या पकडी एका रेषेत आणा आणि तापवताना हलका ताण ठेवा. मी पाहिलेल्या "एका बाजूला पातळ" तक्रारींमधल्या बऱ्याच इथेच मिटल्या.

दुसरी, लॅपटॉप आणि पोलराइज्ड चष्मा

लॅपटॉपच्या बहुतेक एलसीडी पडद्यांचा प्रकाश ध्रुवित असतो. पडद्यावर कोरं पांढरं पान उघडा, त्यासमोर ट्यूब तिरकी धरा आणि पोलराइज्ड गॉगलच्या काचेतून बघा. पडदा काळा दिसेपर्यंत काच फिरवा. ताजी पॅरिसन जवळजवळ काळीच दिसायला हवी. तिच्यातच रंग दिसले, तर एक्स्ट्रूजनमध्ये तिला जास्त ओढलंय आणि तो ताण तसाच गोठलाय. फुगवलेल्या ट्यूबमध्ये रंगांचे पट्टे लांबीला समांतर, सरळ दिसले पाहिजेत. जिथे पट्टा वाकतो किंवा एकदम रंग बदलतो, तिथे जाडी किंवा साखळ्यांची रांग बदललीय. या बघण्यातून आकडा मिळत नाही, पण कुठे कापून मोजायचं ते कळतं.

पांढरेपणाचा निवाडाही इथेच करा, कारण त्याची दोन कारणं आहेत आणि त्यांचे उपाय एकमेकांच्या उलट आहेत. थंड असताना ताणलं तर पदार्थात सूक्ष्म भेगा आणि पोकळ्या पडतात, त्यामुळे पांढरेपणा येतो. तो फक्त ताणलेल्या भागात आणि ताणाला आडव्या रेघांच्या रूपात दिसतो. उलट जास्त वेळ तापवत ठेवलं तर दाब देण्याआधीच पदार्थ स्फटिक होऊन दुधाळ होतो. खात्री करायची तर एक ट्यूब नेहमीसारखी तापवा, दाब न देता बाहेर काढा आणि काळ्या कागदावर ठेवून बघा. न फुगवताच दुधाळ दिसली तर वेळ किंवा तापमान जास्त आहे. स्वच्छ दिसली तर फुगवताना ती पुरेशी गरम नव्हती.

तिसरी, ट्यूब पाकिटाबाहेर किती तास होती

या भागावर जरा थांबतो, कारण मला सगळ्यात महागात पडलेली चूक हीच आहे.

आमचं युनिट तेव्हा समुद्राजवळच्या पट्ट्यात होतं. जुलै महिना, बाहेर संततधार. सोमवारी पहिल्या ट्रेमधल्या निम्म्याहून जास्त ट्यूब एका बाजूला पातळ येऊन फुटल्या. मी तापमान २ अंश उतरवलं, फरक पडला, मंगळवारी दुपारपर्यंत बरं चाललं. मग ट्यूब पांढऱ्या पडायला लागल्या. मी तापमान परत चढवलं. पुढच्या सोमवारी पुन्हा फुटायला लागल्या. असे तीन आठवडे गेले. शेवटी एक्स्ट्रूजनच्या मुलाने सहज सांगितलं, की शुक्रवारी संध्याकाळी तो सोमवारच्या ट्यूब आधीच पाकिटातून काढून ट्रेमध्ये लावून ठेवतो, सकाळी घाई नको म्हणून. शनिवार-रविवार वीज वाचवायला एसी बंद असायचा.

पीएलएलए दमट हवेतलं पाणी ओढते. वजनाच्या एक टक्क्याच्याही आतच, पण तेवढं पुरतं. पाणी साखळ्यांच्या मध्ये शिरून पदार्थ मऊ करतं आणि साधारण ६० अंशांच्या आसपास असलेलं काचसंक्रमण तापमान, म्हणजे जिथे पदार्थ काचेसारखा कडक न राहता मऊ होऊ लागतो ते तापमान, काही अंशांनी खाली येतं. म्हणजे सेटिंग तेच, पण ट्यूबसाठी ते जास्त गरम. सोमवारच्या ओल्या ट्यूबसाठी मी तापमान उतरवलं, आणि मंगळवारी बंद पाकिटातल्या कोरड्या ट्यूब आल्या तेव्हा तेच तापमान त्यांना थंड पडलं. दोन्ही वेळा मशिन बरोबर होतं.

तपासायला अचूक वजनकाटा पुरतो. २ मि.मी. बाहेरचा आणि १ मि.मी. आतला व्यास असलेली २०० मि.मी. ट्यूब साधारण ०.५९ ग्रॅम भरते. तिच्यात अर्धा टक्का पाणी म्हणजे जवळपास ३ मिलिग्रॅम. ०.१ मिलिग्रॅम दाखवणाऱ्या काट्यावर हा फरक स्वच्छ दिसतो. आणि एवढ्या जाडीच्या भिंतीत पाणी मुरायला आठवडा लागत नाही, एक रात्र पुरते. पाकीट फोडल्याची वेळ ट्रेवर लिहा. आम्ही २ तासांची मर्यादा ठेवली, तुमच्या हवेप्रमाणे तुम्ही तुमची ठरवा.

ट्यूब कोरडी राहिली तरी नुसती ठेवूनही ठिसूळ होत जाते. तापवल्यावर तो ठिसूळपणा निघून जातो, पण पकडीतलं टोक तापत नाही. म्हणून चीर पकडीपासूनच सुरू होत असेल तर एक्स्ट्रूजनची तारीख बघा आणि टोक कापायचं पातं बदला.

चौथी, दाब

आकड्यांनी सांगतो. वरचीच ट्यूब घ्या, भिंत ०.५ मि.मी. ती फुगून ३.५ मि.मी. व्यासाची आणि ०.१५ मि.मी. भिंतीची झाली, आणि लांबी सुमारे दीडपट झाली. आतली त्रिज्या भागिले भिंतीची जाडी, हे गुणोत्तर सुरुवातीला १ होतं, शेवटी साडेदहाच्या वर गेलं. म्हणजे आतला दाब १० बारवर स्थिर ठेवला तरी भिंतीतला ताण १ वरून दहाहून जास्त मेगापास्कलवर जातो. फुगा जसजसा मोठा, तसतसा तो आपणच फुटायच्या दिशेने जातो. त्याला थांबवतं ते पदार्थाचं ताणासोबत कडक होत जाणं. पातळ भाग आधी ताणला जातो, आधी कडक होतो, मग जाड भागाला ताणलं जायची पाळी येते. जाडी सारखी व्हायला हीच एक यंत्रणा आहे, आणि ती चालते ठरावीक तापमानात आणि ठरावीक वेगात.

म्हणून दाब डळमळला की वळी पडतात. ट्यूबच्या जागी घट्ट बंद केलेली स्टीलची नळी लावा, थंड असताना दाब द्या, पुरवठा बंद करा आणि ५ मिनिटं गेज बघा. काटा उतरला तर सील किंवा ओ-रिंग गळतेय. काटा स्थिर असूनही फुगा अर्धवट राहत असेल तर नायट्रोजन कुठून येतो ते बघा. फुगताना ट्यूबच्या पोटातली जागा सुमारे पंधरापट होते. लांब, बारीक होजमधून तेवढा वायू वेळेत पोचत नाही, आणि रेग्युलेटरचं गेज मात्र बरोबर दाब दाखवत राहतं. गेज ट्यूबच्या जवळ हवं.

पाचवी, खरं तापमान

पडद्यावर ८५ दिसतं म्हणून ट्यूब ८५ ला आहे असं नसतं. चकचकीत साच्यावर इन्फ्रारेड गन धरू नका, ती हमखास कमी दाखवते. केसाएवढा बारीक थर्मोकपल, म्हणजे तापमान मोजणारी तार, वाया जाणाऱ्या ट्यूबच्या आत सरकवा आणि दाब न देता पूर्ण सायकल चालवा. डाव्या टोकाला, मध्ये आणि उजव्या टोकाला, दर दोन सेकंदांनी नोंद घ्या. टोकं आणि मध्य यांच्या तापमानात फरक असेल तर कोंबडीच्या हाडाचं कारण सापडलं. सरकता हीटर असेल तर तो झटके देत सरकत नाही ना, ते मोबाइलवर संथ गतीचा व्हिडिओ काढून बघा. वळींमधलं अंतर आणि स्क्रूचा आटा जुळला तर यांत्रिक दोष नक्की.

आमचं काम ७५ ते ९० अंशांत चालतं. त्याखाली भेगा. त्यावर साखळ्या ताणल्या जाताच सैल पडतात, कडकपणा येत नाही आणि पातळ भाग पातळच होत जातो. १०० च्या पुढे स्फटिकीकरण इतकं वेगात होतं, की फुगवायला वेळच उरत नाही.

सहावी, थंड करणं

उशिराच्या आकुंचनासाठी एवढंच बघायचं: दाब सोडला तेव्हा ट्यूब किती अंशांवर होती. साचा नव्हे, ट्यूब. आम्ही ३५ च्या खाली आल्याशिवाय दाब सोडत नाही. घाईत ५० ला सोडलेली ट्यूब बाहेर चांगली दिसते आणि रात्रीतून आत येते. इथून निसटलेला दोष ईटीओ, म्हणजे एथिलीन ऑक्साइड वायूच्या निर्जंतुकीकरणात बाहेर पडतो, कारण तिथे ऊब आणि दमट हवा दोन्ही असतात. उन्हाळ्यात बंद टेम्पोतून माल पाठवतानाही तेच होतं, उन्हात उभ्या गाडीत ५० अंश सहज होतात.

सातवी, पॅरिसनची एककेंद्रता

मार्करच्या चाचणीत दोष ट्यूबसोबत फिरला असेल तरच इथे या. पॅरिसन चार-पाच ठिकाणी कापून सूक्ष्मदर्शकाखाली सर्वात कमी आणि सर्वात जास्त जाडी मोजा. कमी भागिले जास्त ०.९५ च्या खाली गेलं की मी ट्यूब एक्स्ट्रूजनला परत पाठवतो. डायचे, म्हणजे ट्यूबला आकार देणाऱ्या तोंडाचे, केंद्र जुळवायचे बोल्ट, डायच्या तोंडाशी अडकलेला जळका कण, थंड पाण्यात एका बाजूने येणारा प्रवाह, या क्रमाने बघायला सांगतो.

इथे थांबा

यापुढच्या गोष्टी शेडमध्ये सुटत नाहीत.

सगळं तपासूनही ट्यूब फुटतच असतील, तर साखळ्याच तुटलेल्या असण्याची शक्यता मोठी. कच्च्या पीएलएलएचे दाणे नीट न वाळवता वितळवले की पाणी साखळ्या कापतं. आम्ही एक्स्ट्रूजनआधी ओल ५० पीपीएमच्या खाली आणतो. आखूड साखळ्या एकमेकींत अडकत नाहीत, म्हणून ताणल्यावर कडकपणा येत नाही. हे डोळ्यांना दिसत नाही, रंगातही नाही. दाण्यांची आणि ट्यूबची अंतर्निहित विस्कॉसिटी, म्हणजे द्रावणाचा घट्टपणा, ज्यावरून साखळ्यांची लांबी कळते, प्रयोगशाळेतून मोजून घ्या आणि तुमच्या चांगल्या लॉटमधल्या घसरणीशी ताडून पाहा. शेजारी डीएससी, म्हणजे तापवत जाऊन पदार्थ किती स्फटिक आहे ते दाखवणारी चाचणीही करून घ्या. पॅरिसन आधीच बऱ्यापैकी स्फटिक झालेली निघाली तर ती सारखी फुगणारच नाही. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत पॉलिमरचा स्वतंत्र विभाग आहे, आणि कच्चा माल देणाऱ्याचा तांत्रिक विभागही अशी चाचणी करून देतो. साखळ्या तुटल्याचं सिद्ध झालं तर तो लॉट संपला. पुन्हा तापवून, पुन्हा वाळवून तुटलेल्या साखळ्या जुळत नाहीत.

दाबाखाली साचा अडकला, रेग्युलेटर आपोआप चढायला लागला किंवा काचेच्या साच्याला चरा दिसला, तर उघडायला जाऊ नका. पुरवठा बंद करा, मागे सरा, गॅस लाइन बसवणाऱ्या तंत्रज्ञाला बोलवा. बंद खोलीत नायट्रोजन गळत असेल तर आधी खोलीबाहेर पडा.

आणि मान्य झालेल्या मर्यादेबाहेरचं कुठलंही सेटिंग स्वतःच्या अधिकारात बदलू नका, अर्धा अंशही नाही. फुगवलेल्या ट्यूबच्या आतली रांग तुम्हाला प्रत्येक नगात तपासता येत नाही, म्हणून आयएसओ १३४८५ या वैद्यकीय उपकरणांच्या गुणवत्ता मानकाप्रमाणे ही प्रक्रिया आधी प्रमाणित करावी लागते. विरघळणारा कोरोनरी स्टेंट भारतात मेडिकल डिव्हाइसेस रूल्स, २०१७ खाली सर्वाधिक जोखमीच्या, ड वर्गात येतो. बदल करायचा तर गुणवत्ता विभागामार्फत, लेखी.

प्रयोगशाळेला नमुने पाठवताना तीन गोष्टी सोबत द्या: त्याच लॉटचे दाणे, न फुगवलेली ट्यूब आणि बिघडलेली ट्यूब. शक्य असेल तर जुन्या चांगल्या लॉटची एक ट्यूबही. प्रत्येक वेगळ्या फॉइलच्या पाकिटात, सिलिका जेलसकट, सील करून, थंड डब्यात. पाकिटावर लॉट क्रमांक, एक्स्ट्रूजनची तारीख आणि पाकीट फोडल्याची वेळ लिहा. मिळालेलं पाकीट खोलीच्या तापमानाला आल्यावरच उघडावं, हेही त्यावर मोठ्या अक्षरांत लिहा, नाहीतर थंड ट्यूबवर दव धरतं आणि ओलीचा आकडा चुकीचा येतो.